ट्रंक भरायच्या आधी

ट्रंक भरणं हे माझं हातखंडा काम. नवरा वायुदलात होता. बदलीचा हुकूम आला की आठवड्याभरात आमचं घर काळ्या ट्रंकांमध्ये जायचं. तळाला चादरी-पडदे, त्यावर भांडी, भांड्यांच्या पोटात मोजे आणि टॉवेल, आणि सगळ्यात वर चहाचं सामान, कारण नव्या गावात आधी तेच लागतं. वसाहतीतल्या नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली माझं बघून शिकायच्या. त्यामुळे या मार्चमध्ये लखनौच्या वृंदावन योजनेतल्या आमच्या भाड्याच्या घरात पहिली ट्रंक उघडली आणि माझा श्वास अडकला, तेव्हा मी डांबरगोळ्यांना दोष दिला.

गोळ्या फेकल्या, ट्रंक गच्चीवर उन्हात ठेवली, पुन्हा उघडली. पुन्हा तेच. छातीवर दडपण, तळवे गार. चादर हातात धरून मी नुसती उभी.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि म्हणाले, "दिल बिल्कुल ठीक है. किसी से बात कीजिए."

मी म्हटलं, मी शाळेच्या बसगाड्यांचं काम बघते, ड्रायव्हर आणि पालक यांच्याशी सकाळपासून बोलतच असते.

"उस तरह की बात नहीं, मैडम. काउंसलर से."

आता यात समुपदेशकाला सांगण्यासारखं काय होतं? निवृत्तीनंतर नवरा इथल्याच सरोजिनी नगरला एका गोदामाची देखरेख करत होता, ते काम संपलं. मिरजेला आमचा फ्लॅट आहे. पावसाळ्याआधी तिकडे कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. ठरवताना मी तिथेच बसले होते. फ्लॅटच्या फरश्यासुद्धा मीच निवडल्या. मग अडचण काय? मला माहीत नव्हतं, आणि ट्रंका रिकाम्या होत्या.

पहिले समुपदेशक शेजारच्या भाभींनी सुचवले. वयस्कर गृहस्थ, मिठाईच्या दुकानाच्या वर बसायचे. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देखिए बहनजी, जहाँ पति हैं, वहीं आपका घर है. मन को समझाइए. और सुबह ज़रा टहलिए."

मला ते आवडले. काम सांगितलं, काम संपवलं. बसचा प्रश्न घेऊन कुणी आलं तर मीही असंच करते. घरी येऊन मनाला समजावलं, चार दिवस फिरून आले आणि ट्रंक उघडली. मनाला पटलेलं होतं, पण छाती ऐकेना.

मग वाटलं, भाषेची अडचण असेल. असल्या गोष्टी मराठीतच बोलायला हव्यात, आपल्यातल्या कुणाशी तरी. शोधाशोध करून पुण्याकडच्या एक बाई मिळाल्या. त्या व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. चेहरा हसरा, मागे तुळशीची कुंडी.

"बोला, अगदी मनमोकळं बोला," त्या म्हणाल्या. "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"मिरजेची."

"अगं बाई! मिरजेत कुठे?"

मी गल्ली सांगितली. इतकी वर्षं महाराष्ट्राबाहेर काढल्यावर ही सवय अंगात भिनलेली असते. मराठी माणूस दिसला की आधी गाव, मग गल्ली, मग कोण कुणाचं. दोन्हीकडून उत्साहानं विचारणं झालं आणि निघालं काय, तर त्यांची मावशी माझ्या जावेच्या समोरच राहते.

"म्हणजे त्या गच्चीत गुलाब लावणाऱ्या? त्यांच्याकडे गौरीचं जेवलेय मी!"

"हो का! पुरणपोळी छानच असते तिची," मी म्हटलं.

त्यानंतर मी जावेचं कौतुक केलं. मिरजेच्या हवेचं केलं. कपाट कुठे ठेवायचं, देवघर कुठे, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता आपल्या माणसांत या." मी म्हटलं, "हो, येतोच आहोत." दोघी हसलो. अगदी हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखं प्रसन्न वाटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ट्रंकेचा शब्दही काढला नव्हता. पुढच्या वेळी नक्की काढायचं ठरवलं, आणि पुढच्या वेळी आम्ही त्यांच्या मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

मुलगी नोएडाला नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं हिंदीत देते. तिला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली.

"आई, तुम काउंसलर ढूँढ रही हो या रिश्तेदार?"

"आगाऊपणा नको. बाई चांगल्या आहेत."

"अच्छी होंगी. तुम्हारे लिए ठीक नहीं हैं. बदल लो यार."

"असं कसं बदलायचं? काय सांगू त्यांना?"

"दर्ज़ी बदला था तब क्या बताया था?"

"तेव्हा ब्लाउज बिघडवला होता त्यानं. दिसत होतं. इथे काय बघून ठरवायचं?"

"पता नहीं, आई. सच में नहीं पता."

तिसऱ्या बाई जानकीपुरमला बसायच्या, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांचं नाव मुलीनंच कुठून तरी मिळवलं. माझ्याच वयाच्या, सर्दी झालेली, टेबलावर रुमाल. खोलीतला पंखा खडखडत होता. तो दुरुस्त करायला कुणाला बोलवावं हे मी बसता बसताच ठरवून टाकलं होतं. त्यांनी गाव विचारलं नाही. विचारलं, "ट्रंक खोलने पर क्या होता है?"

मी सांगायला लागले आणि अडखळले. माझी हिंदी तशी दणकट आहे. भाजीवाल्याशी भांडता येतं, ड्रायव्हरला झापता येतं, मेसच्या पार्टीत आग्रह करता येतो. पण या कामासाठी ती मी कधी वापरलीच नव्हती. मराठीत माझ्याकडे 'तसं काही नाही हो', 'चालायचंच', 'आता आपलीच माणसं आहेत' अशी तयार वाक्यं हाताशी असतात, भांड्यांच्या पोटात कोंबायला. हिंदीत काही सापडेना. तीनदा सुरुवात केली, तीनदा थांबले. शेवटी तोंडातून आलं ते एवढंच: "मुझे जाना नहीं है."

पुढे 'पण' जोडायचं होतं, ते आलं नाही.

त्यांनी नाक पुसलं. "ये किसी को बताया है?"

"अभी आपको."

"आपको मालूम था?"

"नहीं," मी म्हटलं आणि मला रागच आला. मिरज माझं गाव. जाऊ वाईट नाही. फरश्या माझ्या पसंतीच्या. लखनौमध्ये माझं आहे काय? बसगाड्या, तापलेली गच्ची आणि हिंदीत उत्तर देणारी मुलगी, तीही नोएडाला. न जाण्याचं एकही धड कारण मला देता येईना. मी विचारलं, "तो मुझे जाना चाहिए या नहीं?"

"ये मैं नहीं बता सकती."

"फिर आप करेंगी क्या?"

"अगले गुरुवार को मिलकर देखते हैं."

असं उत्तर माझ्या ऑफिसात कुणी दिलं असतं तर मी त्याला दारापर्यंत पोचवलं असतं. मी गुरुवारची वेळ घेतली. का घेतली, याचा परतीच्या वाटेवर शेअर टेम्पोत विचार करत बसले. बाईंनी काही सांगितलं नव्हतं. बरंही वाटत नव्हतं, उलट डोकं जड झालं होतं. चांगला समुपदेशक भेटला की हलकं वाटतं म्हणतात, मग या चांगल्या की वाईट?

घरी आले तर नवरा अंगणात ट्रंक आडवी करून बसला होता. जुन्या पत्त्यावर काळा रंग मारून झाला होता. प्रत्येक बदलीला हे काम त्याचंच. पांढऱ्या रंगाचा डबा उघडा, हातात बारीक ब्रश.

"आलीस? बरं झालं. मिरजेचा पत्ता घालू ना? पिनकोड सांग."

"थांबा जरा."

"आता काय थांबायचं? काळा वाळलाय."

"गुरुवारपर्यंत थांबा."

"गुरुवारी काय आहे? अगं, झालंय काय तुला?"

मी मराठीत सांगायचा प्रयत्न केला. "तसं काही नाही हो," इथपर्यंत आलं आणि पुढची तयार वाक्यं रांगेत उभी राहिली. ती मी गिळली आणि म्हटलं, "मुझे जाना नहीं है."

तो हसला. मग हसायचा थांबला. "हिंदीत काय बोलतेस? नीट मराठीत सांग."

"मराठीत अजून येत नाहीये."

त्यानं माझ्याकडे बघितलं, कोऱ्या काळ्या पत्र्याकडे बघितलं, आणि रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. रागावून लावलं की समजून, ते कळलं नाही. ब्रश वाळून कडक होऊ नये म्हणून मी तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला.