बेलार्मिनोचा नेम

देवमासे वाचवण्यासाठी अटलांटिकमधल्या पिको बेटावर आपल्याइतकं कुणी झटलं नाही, असं बेलार्मिनो छातीठोकपणे सांगायचा. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा कुठल्याशा संस्थेचा असणार. मग तो पुस्ती जोडायचा, "उमेदीची सगळी वर्षं होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभं राहून देवमाशावर भाले फेकले. सगळे पाण्यात! सरकारने बंदी नंतर आणली, मी आधीपासूनच पाळत होतो."

गावाने त्याचं नावच 'पाणी' पाडलं होतं. त्या काळी देवमासा दिसला म्हणून टेकडीवरच्या टेहळ्याने फटाका उडवला की हातातली कुदळ, ताटातलं मासळीचं कालवण, अर्धवट राहिलेली प्रार्थना, असेल ते टाकून सगळे धक्क्याकडे धावायचे. पण बेलार्मिनोच्या होडीतल्यांच्या बायका चूल विझवत नसत. माणसं जेवायच्या वेळेला हात हलवत परत येणार, हे त्यांना ठाऊक असायचं.

दुसऱ्या होडीवरचा ओलेगारियो मात्र खरा नेमबाज. त्याचा भाला चुकलेला कुणी पाहिला नव्हता. शिकार बंद होऊन किती वर्षं लोटली, तरी दारूच्या गुत्त्यात अजून लोक उठून त्याला जागा देत.

आता त्या होड्या ऑगस्टच्या जत्रेत, शर्यतीपुरत्याच पाण्यात उतरत. म्हाताऱ्यांच्या शर्यतीचा चषक दरवर्षी ओलेगारियोच्या घरी जाई. बेलार्मिनोचे गुडघे बोलायला लागले होते, तेव्हा त्याचं हे शेवटचं वर्ष. त्याच्या बायकोने, देओलिंदाने, रेडिओवरची धूळ झटकून जागा करून ठेवली.

"आणलास तर चषक ठेवू," ती म्हणाली. "नाही आणलास तर कोबी ठेवीन. रिकामी जागा बघवत नाही मला."

तो हसला. पण चषक त्याला मनापासून हवा होता. जन्मात एकदा तरी काहीतरी हातात घेऊन घरी जायचं होतं.

शर्यत फटाक्याने सुटली. वल्हवणारे मागे तोंड करून बसलेले, पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवरच्या तिबुर्सिओला. त्यांची होडी चक्क पुढे होती. ओलेगारियोची होडी मागे पडताना बेलार्मिनोला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होती, आणि त्याला रेडिओवरचा चषकही दिसायला लागला. तेवढ्यात तिबुर्सिओची नजर बाजूला गेली आणि आवाज एकदम खाली आला.

"वल्ही आत."

का, असं कुणी विचारलं नाही. लांब वल्ह्यांचा आवाज देवमाशाला कळतो, म्हणून शेवटचं अंतर आखूड वल्ह्यांनी, तोंडातून शब्द न काढता कापायचं, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. शोभेला ठेवलेली आखूड वल्ही निघाली आणि होडी शर्यतीची वाट सोडून वळली. धक्क्यावर लोक बोंबलत होते. होडीत चिडीचूप.

बेलार्मिनो उठला, फळीच्या खोबणीत मांडी रोवली आणि हात चाचपू लागला. भाला संग्रहालयात होता. हाताला लागली ती जत्रेच्या निशाणाची काठी, वरच्या कापडावर लुर्दच्या मेरीमातेचं भरतकाम असलेली. त्याने तीच उगारली.

देवमासा हातभरावर होता. तो किंचित कुशीवर वळला आणि पाण्यातून त्याचा डोळा वर आला.

"हाण, मेल्या! हाण!" तिबुर्सिओ घोगऱ्या आवाजात म्हणाला.

एवढ्या जवळून बेलार्मिनोचासुद्धा नेम चुकला नसता. ते त्याला कळलं. तो मातेला उगारून तसाच उभा राहिला. देवमाशाने उच्छ्वास सोडला, त्याला आणि मातेला सडक्या मासळीच्या वासाने न्हाऊ घातलं आणि सावकाश खाली गेला.

तेव्हा कुठे मागून एकजण म्हणाला, "आपण शर्यतीत होतो ना रे?"

धक्क्यावर पोचले तेव्हा चषक देऊन झाला होता. पाद्रीबाबांनी निशाण दोन बोटांत धरून नेलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आपला 'पाणी' मातेलाच फेकायला निघाला होता!"

"फेकली असती तर पाण्यातच पडली असती!" बेलार्मिनो त्याच्याहून मोठ्याने ओरडला. सगळे हसले. तोही हसला, पण घरी जायला पाय उचलेनात.

तो धक्क्याच्या टोकाला बसला असताना ओलेगारियो चषक काखेत मारून आला आणि शेजारी टेकला.

"किती जवळ होता?"

"हात लागला असता."

"डोळा दिसला?"

"तुला काय नवं आहे त्यात? तू तर किती मारलेस."

"मी डोळा कधी पाहिलाच नाही," ओलेगारियो म्हणाला. "भाला कुठे घुसवायचा तेवढी जागा बघायचो. कसा असतो रे?"

बेलार्मिनोला थट्टाच सुचली. "देओलिंदासारखा. मी हात हलवत घरी गेलो की ती बघते ना, अगदी तसा. राग नाही. आलास ना, बस, एवढंच."

ओलेगारियो हसला नाही. त्याने चषक खाली ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिला.

"उद्या होड्या वर ओढायच्या आधी तुझ्या होडीतून मला नेशील?"

"नेईन. पण तिथे जाऊन करायचं काय?"

"काही नाही. बघायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं."

"मग माझ्याबरोबरच चल," बेलार्मिनो म्हणाला. "तेवढं एक मला चांगलं जमतं."