देगलूर रस्त्यावरची पांढरी जीप

दबक्या आवाजातला तो फोन अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

नोकरी संपल्यावर मी मुलाकडे सुरतेला राहायला आलो. इथे आपली बोली समजणारं माणूस कमी, त्यामुळे जुनं आठवायला वेळ भरपूर मिळतो. शाळा माझी दहावीलाच सुटली. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहिण्याची सवय ती पंचनाम्याची. म्हणून जे जसं झालं तसं सांगतो. कायद्याचं कुठे चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. नाव कुणाचंच घेत नाही.

तेव्हा मी उदगीर भागातल्या एका ठाण्यात होतो. दुपारची वेळ, ठाणे अंमलदाराची ड्युटी माझ्याकडे. फोन वाजला. बाईचा आवाज, इतका हळू की मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. मागे गाणं जोरात चालू होतं.

"देगलूरकडून येऊन राहिलो. पांढरी जीप हाय. थांबवा सायेब. डायवर पिलेला हाय."

"आपण कोण बोलता?"

फोन बंद झाला.

असे फोन नेहमी येतात. कुणाचं कुणाशी वैर असतं, कुणाला ओव्हरटेक केल्याचा राग असतो. तरी स्टेशन डायरीला नोंद घेतली, टेबल दुसऱ्याकडे सोपवलं आणि दोन शिपाई घेऊन नाकाबंदीला निघालो. थोड्याच वेळात पांढरी जीप आली. ती थेट रेषेत येत नव्हती. बॅरिकेडजवळ तिने ब्रेक उशिरा मारला आणि पत्र्याला टेकून उभी राहिली. माझा शिपाई उडी मारून बाजूला झाला, नाहीतर त्याचे पाय गेले असते.

आत डोकावलो आणि मला धक्काच बसला. एकटा पिणारा असेल असं मी धरून चाललो होतो. पण जीपमध्ये त्याची बायको होती, सासू होती, सात-आठ वर्षांची मुलगी होती आणि मांडीवर झोपलेलं लहान पोर होतं. सगळे बिलोली तालुक्यातून, बायकोच्या माहेरून, भाच्याचं जावळ काढून परत निघाले होते. पोराच्या कपाळाला अजून गुलाल होता.

चालक तिशीचा. मी विचारलं, "दारू पिलास?"

"न्हाई साहेब."

"फुंक यात."

त्याने फुंकलं. यंत्राने मर्यादेपेक्षा बराच जास्त आकडा दाखवला. मी तो त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"मशीनला काय कळतंय साहेब. दारूचा थेंब न्हाई."

आमचा लातूरचा शिपाई म्हणाला, "मग गाडीनं पिली का रे?"

मागून सासू कडाडली, "जावई दारू पीत न्हाईत आमचे. लगीन ठरलं तवाच सोडली."

आणि मग त्या माणसाने जे केलं त्याने मी गारच पडलो. त्याने मुलीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "पोरीची आण. दारू पिलो न्हाई."

इतक्या वर्षांत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. कुणी पाय धरतो, कुणी आमदाराचं नाव घेतो, कुणी जमिनीकडे बघतो. हा सरळ बघत होता. तोंडाला आंबूस वास येत होता आणि हात लेकराच्या डोक्यावर.

जीप ठाण्यात लावून घेतली. त्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं, रक्ताचा नमुना घेतला, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा नोंदवला. आमचे ठाणेदार साहेब पश्चिम महाराष्ट्रातले, कडक. आणेची गोष्ट ऐकून म्हणाले, "मुरलेला दिसतोय. पोरीची शपथ खाणारा माणूस उद्या काहीही करेल." मला ते पटलं. चौकशीत त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, कुठे पिलास, कुणी पाजली, कोणतं दुकान. त्याचं उत्तर एकच, दारू पिलो नाही. शेवटी तो रडायला लागला, पण उत्तर बदललं नाही.

बाहेर बाकड्यावर बायको मोबाइलवर भावाशी बोलत होती. "दादा, तू येऊ नको. आमी अॅटोनं घरी जाऊन राहिलो."

मी कागद लिहीत होतो, तो हात थांबला. तोच दबका आवाज. आणि "जाऊन राहिलो." दुपारच्या फोनवरची बाई "जीप येऊन राहिली" असं म्हणाली नव्हती. "येऊन राहिलो" म्हणाली होती, म्हणजे आम्ही येतो आहोत. घाईत बोलली असेल म्हणून मी डायरीत शुद्ध भाषेत लिहिलं होतं, "एक पांढरी जीप येत आहे." ती तर स्वतःबद्दल सांगत होती. फोन करणारी जीपमध्येच बसलेली होती.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिला मागच्या व्हरांड्यात बोलावलं.

"ताई, फोन तुम्हीच केला होता ना?"

तिने आधी खिडकीतून नवऱ्याकडे पाहिलं. "सायेब, हळू बोला."

"नंबर कुठून मिळाला?"

"तुमच्या बायांनी शाळेत पोरींला चिठ्ठ्या वाटल्या व्हत्या, चिटकवायच्या. पोरीच्या पाण्याच्या बाटलीवर हाय." मग ती पदराचं टोक चोळत राहिली. "गाडी दोनदा रस्त्याखाली उतरली. मागच्या शिटावर पदराआड फोन लावला. पयल्यांदा लागलाच न्हाई."

"नवऱ्याला थांबा म्हणायचं होतं."

"माझ्या माईसमोर? जावयाला? गाडी थांबवा तुमी पिलाव, असं कोण म्हणन?"

मी म्हणालो, "त्याने तर लेकीची आण घेतली. किती खोटं बोलावं माणसानं."

ती एकदम सरळ उभी राहिली. "खोटं न्हाई बोलले त्ये. शिंदी पिली व्हती. माझ्याच भावानं पाजली, जावयाचा मान म्हणून. सकाळी गोड व्हती, उन्हानं चढली. दारू कुठं पिले?"

"अहो, चढली म्हणजे दारूच की."

"तुमच्याकडं असंल. आमच्याकडं शिंदीला दारू म्हणत न्हाईत, सायेब. माझा बाप देवाला जाताना बी प्यायचा."

माझं गाव हदगावकडचं. आमच्याकडे शिंदीची झाडं नाहीत, हा प्रकार मला माहीत नव्हता. बिलोली-देगलूरच्या सरहद्दीला झाडाचा हा ताडीसारखा, उन्हात आंबणारा रस घरोघरी चालतो हे मला तेव्हा कळलं. अख्खी दुपार आम्ही त्याला दारू दारू विचारत होतो आणि तो खरं उत्तर देत होता. काय पिलास, एवढं आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं.

"मला वाटलं दोन चापटी माराल, गाडी लावून घ्याल, आमाला यष्टीनं धाडाल," ती म्हणाली. "केस व्हती हे मला ठाव न्हवतं. सरकारी डायवरच्या जागंला त्यांचं नाव लागलंय, सायेब. चौकशीचा कागद तुमच्याकडंच येणार हाय. त्यांना कळलं की मी फोन केला, तर..."

चारित्र्य पडताळणीचा कागद खरंच आठवड्याभरात आला. चालकाची नोकरी आणि गुन्हा दारू पिऊन गाडी चालवल्याचा.

ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर कायदा सांगणारे बसलेलेच असतात. त्यातल्या एकाने जामिनावर सुटलेल्या त्या चालकाला सांगितलं, "तारखेला जायचं, कबूल म्हणायचं, दंड भरायचा, बारा वाजता घरी." गडी खूश. मला त्यात काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना. शिक्षण कमी असलं की माणसाला नुसती धास्ती वाटते, कारण सापडत नाही. मी त्याला म्हणालो, कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय आहे, तिथे वकील मोफत मिळतो, आधी जाऊन ये.

"फुकटचा वकील सरकारचाच की साहेब. तुमच्याच बाजूनं बोलणार."

बायकोच त्याला ओढत घेऊन गेली.

समितीने दिलेली वकीलबाई तरुण होती. कागदाच्या नकला घ्यायला ती ठाण्यात आली तेव्हा मी टपरीवरचा सल्ला सांगितला. ती म्हणाली, "काका, दंड भरला की सुटला, असं तुम्ही लोक म्हणता. दंड भरला की अडकला. शिक्षा नावावर राहते. आणि नोकरीच्या कागदात तीच विचारतात."

मग तिने मला नीट समजावलं, आणि त्या समजावण्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. पहिलाच गुन्हा असेल, माणूस सुधारण्यासारखा असेल, तर परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, कायदा आहे. गुन्हा कबूल करायचा, पण शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा अशी विनंती करायची. कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याला घरी पाठवून अहवाल मागवतं. त्या कायद्याने सोडलं तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. इतकी वर्षं नोकरी करून हे कलम मी कधी वापरलेलं पाहिलं नव्हतं.

"पण अडचण आहे," ती म्हणाली. "तुमच्या ठाण्याचं मत असं आहे की आरोपी शपथेवर खोटं बोलतो, पश्चात्ताप नाही. हे अहवालात गेलं तर संपलं."

मी तिला शिंदीचं सांगितलं. फोनचं सांगितलं नाही, ते गुपित त्या बाईचं होतं. वकीलबाई हसली नाही. म्हणाली, "मग हे त्यालाच कोर्टात सांगू द्या. त्याच्या शब्दांत." ठाणेदार साहेबांनाही मी शिंदीची हकीकत सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही विचारलं आपण?" परिवीक्षा अधिकारी आला तेव्हा त्यांनी स्वतः मत दुरुस्त करून दिलं.

तारखेला मी हजर होतो. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "दारूच्या अमलाखाली वाहन चालवल्याचा आरोप कबूल आहे का?"

वकीलबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"साहेब, शिंदी पिली व्हती. आमी तिला दारू म्हणत न्हाव. पर पाय ब्रेकवर बसंना, हे मला कळत व्हतं. तरी गाडी चालवली. लेकरं मागं व्हती. म्हणून कबूल."

मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेबांनी मान वर केली तसा थांबला. "यंत्राला शिंदी आणि दारू वेगळी कळत नाही," ते म्हणाले. "रस्त्यालाही नाही."

अहवाल वाचून झाला. वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र आणि एक जामीनदार, असं साहेबांनी सांगितलं. जामीन राहायला मेव्हणा आला होता. त्याचं नाव पुकारलं तसा तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मीच पाजली. मी कोणत्या तोंडानं जामीन राहू?" आणि खाली बसला.

वकीलबाई घाईने इकडेतिकडे बघू लागली. दुसरं कुणी आणलेलं नव्हतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तेवढ्यात बायको उभी राहिली, लहान पोर आपल्या आईच्या मांडीवर देऊन.

"मी राहते."

साहेबांनी चष्म्यातून पाहिलं. "बाई, कागदावर सही करणं सोपं असतं. नवरा पुन्हा पिऊन गाडीवर बसला तर तुम्ही त्याला आवरणार कसं?"

"मागच्या बारीला आवरलं तसं."

"म्हणजे?"

"पोलिसाला फोन मीच केला व्हता सायेब. गाडीतून. पुन्यांदा पिऊन बसले तर पुन्यांदा करीन."

मला ते ठाऊक होतं, तरी ती भर कोर्टात सांगेल असं वाटलं नव्हतं. सरकारी वकील हातातली फाइल खाली ठेवायची विसरले. सासूने तोंडाला पदर लावला. आणि तो माणूस, पिंजऱ्याच्या कठड्याला धरून, बायकोकडे असा बघत होता की जणू तिला पहिल्यांदाच पाहतोय. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. समोर साहेबांकडे बघत उभी होती.

साहेब लिपिकाला म्हणाले, "जामीनदार स्वीकारा. यापेक्षा चांगला मिळणार नाही."

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागेच होतो. खरं सांगतो, भीतीनेच होतो. रागात माणूस काय करील सांगता येत नाही. कोर्टाच्या पायऱ्या उतरून तो थांबला.

"आधी मला सांगायचं व्हतं."

"तीनदा सांगितलं," ती म्हणाली. "हळू घ्या म्हणलं. तुमी गाणं मोठं केलं."

सासूच्या हातातलं पोर त्याने आपल्याकडे घेतलं आणि चालायला लागला. थोडं पुढे जाऊन मागे वळला, ती येते का ते बघायला.

लायसन काही महिने परिवहन कार्यालयात जमा राहिलं. पडताळणीच्या कागदावर आम्ही जे झालं ते सगळं लिहिलं, गुन्हा लिहिला आणि कोर्टाने परिवीक्षेवर सोडल्याचंही. वकीलबाईने सोबत आदेशाची नक्कल जोडायला लावली. नेमणूक उशिरा मिळाली, पण मिळाली. वर्ष संपलं तेव्हा त्याच्याविरुद्ध ठाण्याला एकही फोन आला नव्हता. मी निवृत्त होण्याआधी एकदा सरकारी गाडी ठाण्यात घेऊन आला, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काय पितोस आता?" म्हणाला, "ताक, साहेब. त्ये बी बायकूनं दिलेलं."

या प्रकरणाने मला कायद्याचं एक कलम शिकवलं, त्यासाठी मी त्या वकीलबाईचे आभार मानतो. पण त्याहून मोठी गोष्ट मला त्या फोनने शिकवली. इतकी वर्षं फोन आला की आम्ही आधी विचारायचो, कोण बोलतंय, नाव सांगा. नाव विचारलं की बाई फोन ठेवते. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, असा दबका आवाज ऐकला की मी नाव विचारलं नाही. एकच विचारायचो, तेही हळू आवाजात. "ताई, तुम्ही गाडीत आहात का? नुसतं हो म्हणा."