एक डोळा मिटण्याची सवय

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. पिस्तूल बाळगणाऱ्या सहा गार्ड्सचा सराव घेणं माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी मी सांगतो, "तीन पावलांवरच्या माणसावर नेम धरत बसायचं नाही."

"मग काय राव, नुसतं दाखवायचं?" एखादा गार्ड विचारतो.

"हो. बोट दाखवतो तसं. दोन्ही डोळे उघडे, नजर समोरच्यावर."

मला हे उशिरा कळलं. मी घरातला पहिला पदवीधर. पदवी नोकरीत असताना मिळाली. त्याबद्दल पलटणीचा ऋणी आहे. पण अभिमान होता तो रेंजवरच्या मेडलांचा. पंचवीस मीटर, डावा डोळा बंद, नळीच्या टोकावरची फोरसाइट स्वच्छ दिसली की ट्रिगर. सराव घेणारे उस्ताद ओरडायचे, "ये रेंज है, कमरा नहीं! कमरे में दोनों आँखें खुली!" मी मनावर घेत नसे.

माझा बडी, म्हणजे कायमचा जोडीदार, नाईक बबन, चाकणजवळच्याच गावचा. तो म्हणायचा, "पोरगी बगायला बी एकच डोळा उघडला व्हतास व्हय?"

आमचं पोस्टिंग काश्मीरमध्ये होतं. त्या दिवशी पहाटे ५.१० ला गावाला वेढा पडला. ६.४० ला रेडिओ आला, "घर नंबर तीन, ऊपर का कमरा. ओव्हर."

जिना अरुंद होता. रायफल वळत नव्हती, म्हणून पिस्तूल घेऊन मी पुढे, बबन मागे. दार ढकललं. चार पावलांवर माणूस, हातात शस्त्र. माझा डावा डोळा आपोआप मिटला. मी फोरसाइट शोधू लागलो. बबनने मला खांद्याने बाजूला लोटलं आणि तो पुढे आला. पहिली गोळी त्याला लागली. दुसरी मी झाडली. समोरचा पडला.

६.४३ ला मी रेडिओवर सांगितलं, "एक कॅज्युअल्टी. अपना."

बबन ७.०५ ला गेला.

चौकशीत मी सगळं वेळेसकट लिहून दिलं. साहेब म्हणाले, चूक नाही. बबनच्या आईला मात्र मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की तो शूरपणे लढला. डोळ्याची गोष्ट सांगायला तीन वर्षं लागली. या नोकरीवर आल्यावर एका रविवारी गेलो आणि सगळं सांगितलं. यानंतर तिने दार बंद केलं असतं, तरी माझी तक्रार नव्हती.

 ती म्हणाली, "ढकललंच आसंल त्यानं. ल्हानपणापासनं कुनाला म्होरं जाऊ द्यायचा न्हाई."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "भाकरी टाकू न्हवं?"

मी हो म्हणालो. नाईक बबन, वय एकोणतीस. त्याच्या फोटोखाली बसून जेवलो.