रॉड दिली नाही

वॉलॉंगॉंगच्या मैत्रिणींनो, दंड अजून ठणकतायत, तरी लिहितेच.

आज सकाळी मी, नवरा रॉनी आणि त्याचा मित्र संदीप आमची छोटी बोट घेऊन पोर्ट केम्ब्ला बंदराच्या बाहेर समुद्रात मासे पकडायला गेलो. दर वेळी मी नुसतं आमिष लावून देते. आज म्हटलं, मीपण गळ टाकणार.

आणि किंगफिश लागला तो माझ्याच गळाला! रॉड पार वाकली, दोरा सरसर पळायला लागला. रॉनीने लगेच हात पुढे केला. "दे इकडे, तुला नाही जमणार."

"हात लावू नकोस!" मी ओरडले.

"अगं वहिनी, मोठाय तो. सुटेल!" संदीप म्हणाला.

"सुटू दे. माझा आहे."

बोटीच्या कडेला पाय रोवून मी ओढत राहिले. मासा अगदी जवळ आला, पिवळी शेपटी दिसली आणि दोरा तुटला.

संदीप म्हणाला, "रॉनीला रॉड दिली असतीस तर आज घरी किंगफिश असता."

"मागच्या वेळी रॉनीच्या हातून दोन सुटले. तेव्हा म्हणालास का, रॉड बायकोला दे म्हणून?"

रॉनीला हसू फुटलं. त्याने नवा गळ बांधून रॉड माझ्याकडे दिली. संदीप मात्र फुगला. किनाऱ्यावर उतरताना म्हणाला, "पुढच्या रविवारी मी नाही येणार."

नो वरीज! मी जाणार आहे. बोटीत एक जागा रिकामी झालीय आणि गळ टाकता येत नसला तरी चालेल. कोण येतंय?