सरळ उभं राहण्याची भीती

लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात श्रीधरपंत गादीवर उभे राहिले की बायकांचं आपसातलं बोलणं थांबायचं. पैठणीचा पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा, निऱ्या पोटाशी धरायच्या, आणि सगळा भार डाव्या पायावर देऊन कंबर अशी काढायची की काठ झळकलाच पाहिजे! माणूस मिशाळ, पण नवऱ्या मुलीला त्याच्या जागी आपणच दिसायचो. उरलेला वेळ तोच पाय दुमडून गादीवर बसायचं. उभी हयात अशी गेली.

आता हा माणूस नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर कोंडला होता. दिवाळीत जिन्यात पडला. हाड शाबूत राहिलं, पण चालताना अंग पुढे आणि डावीकडे कलू लागलं. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा आमोद आणि सून उत्कर्षा हिंजवडीला कामावर जाताना दाराला बाहेरून कडी घालत. आमोद दुष्ट नव्हता हो, भ्यालेला होता.

"बाबा, जिना एकट्याने उतरून दाखवा, मग कडी नाही लावणार," त्याने सांगून टाकलं होतं.

पंत खिडकीशी बसून खालची रहदारी बघत. दुपार सरता सरत नसे.

शेवटी उत्कर्षाने तनयाला आणलं. तनया ऑस्टिओपॅथी शिकलेली, म्हणजे हातांनी स्नायू आणि सांधे मोकळे करणारी. तिने पंतांना कपाटाच्या आरशासमोर नेलं.

"काका, सरळ उभे राहा."

"उभाच आहे की."

"आरशात बघा."

आरशातला म्हातारा डाव्या खुब्यावर रेलला होता, जणू आत्ता कोणी पदर दाखवा म्हणेल. पंत दचकले. दुकानाची हकिकत ऐकून तनया हसली. "अहो काका, दुकान सुटलं हे खुब्याला कोणी कळवलंच नाही!"

तिने त्यांना पलंगाच्या कडेला निजवलं. उजवा गुडघा छातीशी धरायला लावला, डावा पाय खाली लोंबता ठेवला. मांडीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या हाताविरुद्ध पाय वर उचला. जोर नको, हलकेच. आता सोडा." पाय सैल पडला की ती तो थोडा आणखी खाली नेई. जांघेत खोलवर, दोरासारखा आखडलेला स्नायू हळूहळू सैलावत होता. दर आठवड्याला ती येत राहिली, आणि एके दिवशी आरशातले पंत खरोखर ताठ दिसले.

आणि तिथेच घात झाला. सरळ उभं राहिलं की पंतांना वाटे, आपण उजवीकडे कोसळतोय. इतकी वर्षं अंगाला कललेलंच सरळ वाटत आलं होतं. घाबरून ते पुन्हा डावीकडे झुकत आणि त्या सावरण्यातच झोकांडी जाई.

आमोदने नेमकं तेच पाहिलं. "आधी निदान वाकडे तरी उभे होतात! बंद करा हे."

"दादा, स्नायू सुटलाय, तोल अजून शिकायचाय," तनया म्हणाली. "काका, पडतोय असं वाटलं तरी झुकू नका. दोन्ही तळवे टेकलेत ना, तेवढंच बघा."

स्वतःच्याच अंगावर विश्वास ठेवायचा नाही! दाराला कडी होतीच. आता देहही आतून अडवू लागला.

एका रविवारी पंत उठले. "आमोद, उघड दार. उतरतो."

"बाबा..."

"तू पुढे हो. हात लावायचा नाही."

कठडा धरून ते उतरू लागले. वळणावर उजवीकडची भिंत अंगावर आल्यासारखी वाटली. सगळं शरीर डावीकडे ओढत होतं. पंत झुकले नाहीत. तळवे टेकलेत, एवढं मनाशी म्हणत उभे राहिले. एक मजला झाला आणि ते कठड्याला टेकून थांबले.

"आज एवढंच," ते म्हणाले. "खालपर्यंत नाही जमायचं."

वर येऊन आमोदने त्यांना पाणी दिलं. "पडला असतात म्हणजे?"

"पडेन रे कधीतरी. पण असा बसवून ठेवलास, तर बसल्या जागी पुन्हा वाकेन. मग तनयाने काय करायचं?"

आमोदने रिकामा पेला उचलून आत नेला.

सोमवारी दार बंद झालं. पावलं जिना उतरून गेली. कडीचा आवाज आला नाही. पंत बराच वेळ कान देऊन बसले. मग उठले, दार उघडलं आणि चौकट धरून उभे राहिले. जिना खाली अंधारात उतरत होता.

त्या दिवशी ते उंबरठ्यापुढे गेले नाहीत. दार मात्र संध्याकाळपर्यंत सताड उघडं होतं.