सभासदाच्या साखरेची बियर

मी घरी केलेली बियर उत्तम झाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घर इंदापूर तालुक्यात, नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, केमिस्टची. पुण्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दर खेपेला आमच्या नावानं नाक मुरडायचे. चहा फार उकळलेला, मटण फार तिखट, पंखा फार हळू! या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'वा' काढायचाच, असा मी चंग बांधला. दाजींना बियर प्रिय. मग काय! सातूला मोड आणले, भरडले, उकळले, मित्राकडून हॉप्सची कडू फुलं आणि यीस्ट मिळवलं आणि शेजारच्या खोलीत पिंप आंबवायला ठेवलं. (कायद्याचं विचारू नका. मीही कुणाला विचारलं नव्हतं.)

बियर झाली, पण फेस नाही. तो बाटलीत आणायचा असतो. बाटलीमागं अर्धा चमचा साखर घालायची आणि बूच ठोकायचं. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, गॅस होतो आणि आतच कोंडतो. मी तोलूनमापून साखर घातली, बाटल्यांवर पंचा टाकला आणि बूच ठोकायचं यंत्र उसनं आणायला बारामतीच्या सोडावॉटरवाल्याकडं गेलो. संध्याकाळी येऊन बुचं ठोकली. अगदी कंपनीचा माल दिसत होता हो!

पंधरवड्यानं दाजी आले. ताटं वाढली, तेवढ्यात शेजारच्या खोलीत 'फट्!'

"मांजर आसंल," आई म्हणाली.

फट्! फटाक्!

"किती मांजरं आहेत?" दाजींनी विचारलं.

कुंपणापलीकडून शेजारचे तात्या माझ्या वडलांना हाक मारून ओरडले, "आबा, फटाकं कसलं? कोन निवडून आलं?"

मी डोक्याला हात लावला. "अर्धाच चमचा साखर घातली होती मी!"

"त्येच म्हनतो," आबा कडाडले. "जावायाला द्यायचं आन् साखर चिमटीनं? कारखान्याचं सभासद हाय आपन! घरात पोतं हाय! तू बारामतीला गेल्यावर नरसाळं लावून मूठ-मूठ घातली मी."

"आगं बया!" आईनं तोंडाला पदर लावला. "तुमी बी घातली व्हय? त्याच दिशी सकाळी मी बोट बुडवून चाखली, तर कडू जहर! म्हनलं, पोराची लाज जाईल. मी बी घातली की!"

आमच्या भागात चहा अगोड झाला तर ठरलेली सोयरीक मोडते!

शेवटी आवाज थांबले. एक बाटली वाचली होती. आबांनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी आणली.

"आबा, उघडू नका!"

"मग पावन्याला कोरडंच धाडू व्हय?"

त्यांनी ओपनर लावला. आत काय कोंडलंय हे घरात एकट्या मलाच ठाऊक होतं, म्हणून मी तडक पलंगाखाली घुसलो. वरचा धमाका मी फक्त ऐकला आणि मग हळूच डोकं बाहेर काढलं. छत, पंखा, दाजींचा पांढरा सफारी, सगळीकडं फेस! दाजींनी मिशी चाटली. परत एकदा चाटली.

"वा!" दाजी म्हणाले. "आबा, साखर एक नंबर आहे तुमची!"

आबांची छाती हीऽऽ फुगली! खरं सांगतो, माझीही फुगली. ऊस आमचा, आणि ती साखर तपासून पास करणारा केमिस्टही मीच. फक्त पलंगाखाली छाती फुगवायला जागा जरा कमी पडते.