आबांची सही आणि चोवीस अंक

माझ्या वडिलांच्या कामाला दाद द्यायला मुंबईहून माणूस आला, तेव्हा आबांना ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि त्यांच्या उजव्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडायला लागला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण मला तेव्हा त्या घोड्याचंच केवढं कौतुक! माझ्यासारखी मूर्ख बाई धुळ्याच्या अख्ख्या देवपुरात दुसरी नसेल.

आबा पारोळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की घरी येऊन मुंबईच्या एका प्रकाशकासाठी कॉमिक्स काढायचे. गोष्ट पोस्टाने यायची, चित्रं पोस्टाने जायची. त्यातला एक अंक मला पाठ आहे. तापीला पूर आलाय, रेल्वेचा पूल खचायला लागलाय आणि एक गार्ड कंदील घेऊन पुलाच्या लोखंडाला लोंबकळत गाडी थांबवतोय. त्या एका चित्रासाठी आबा भुसावळला जाऊन दोन दिवस पुलाखाली उन्हात बसून आले होते. लोखंडाचा एकेक खिळा त्यांनी खरा काढला होता.

अंक छापून आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. शेवटच्या पानावर बारीक टायपात होतं, 'चित्रे : आमचा कला विभाग'. मुखपृष्ठावर आबांनी पुलाच्या खांबापाशी आपल्या नावाची दोन अक्षरं टाकली होती, तिथे प्रकाशकाने रंग फासला होता. मी अंक शाळेत नेला आणि हे माझ्या वडिलांनी काढलंय म्हणून सांगितलं. मुलींनी पान उलटसुलट करून पाहिलं, नाव सापडेना. त्यानंतर वर्षभर मी वर्गात थापाडी म्हणून ओळखली जात होते. आबांना हे मी कधी सांगितलं नाही, पण त्या प्रकाशकाला मी आजही माफ केलेलं नाही.

पुढे कॉमिक्स बंद पडली, आबा निवृत्त झाले, आई गेली. मी त्यांना देवपुरात माझ्याकडे आणलं. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, मुलगी नर्सिंग करते. पिकतं तिथे विकत नाही, तसं आबांचं झालं होतं. गल्लीत ते फक्त निवृत्त मास्तर होते.

मग एक दिवस जळगावचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. केळीच्या व्यापारातला माणूस, पण नाद जुन्या कॉमिक्सचा. भुसावळला कुण्या जुन्या पेपर एजंटाचं गोदाम रिकामं होत होतं, तिथे त्यांना पुलाच्या त्याच अंकाचा न उघडलेला गठ्ठा मिळाला होता. सुतळीने बांधलेला, चाळीसेक वर्षं कोणी हात न लावलेला. ही चित्रं आबांची हे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ओळखलं आणि त्यांना आमचा पत्ता दिला. टॉवेलात गुंडाळलेला तो गठ्ठा त्यांनी टेबलावर उलगडला, तेव्हा आबांनी वरच्या अंकाची धूळ बोटाने पुसली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हाई बठ्ठं मन्हं काम शे." जसं काही ते सगळं त्यांचं काम आहे हे मलाच माहीत नव्हतं.

त्या गृहस्थांनी, आम्ही त्यांना भाऊच म्हणायला लागलो, आम्हाला हा सगळा खेळ समजावला. जुनी कॉमिक्स आता एका कंपनीकडे पाठवतात. तिथले लोक भिंगातून अंक तपासतात, दहापैकी गुण देतात आणि जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून टाकतात. पेटीवर छापील पट्टी असते. अंकावर चित्रकाराची सही असेल तर पट्टीवर त्याचं नाव येतं, पण एका अटीवर: सही कंपनीच्या माणसासमोर झाली पाहिजे. चित्रकाराने आपल्या घरात, आपल्या मनाने सही केली तर ती खाडाखोड. तिचे गुण कापतात. अंकावरचं दुसरं कुठलंही लिखाण, डाग, घडी, सगळ्याचे गुण कापतात.

आबांनी एकच प्रश्न विचारला, पेटीत बंद केल्यावर वाचायचं कसं. भाऊ हसले. म्हणाले, आबा, ते वाचायचं नसतं. आबाही हसले, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

मला मात्र फक्त पट्टी दिसत होती. छापील अक्षरात, चित्रकार म्हणून माझ्या वडिलांचं नाव, कुणालाही पुसता येणार नाही असं. मला दुसरं काही नको होतं. गठ्ठ्यातले वरचे आणि खालचे अंक सुतळीने चिरले होते, मधले चोवीस बरे होते. ते दाबून सपाट करून घ्यायला भाऊ बाहेर कुठे पाठवणार होते. मी म्हटलं, पुस्तकं दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, मी करते. माझ्या बापाचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती का द्यायचं?

चार महिने मी ते केलं. मे महिन्यात धुळ्याच्या उन्हात जुना कागद पापडासारखा होतो, जोर दिला की तुटतो. म्हणून अंक आधी झाकणाच्या डब्यात, ओलसर टिपकागदावर जाळी ठेवून, काही तास दमट करायचा. त्याआधी खोडरबराचा भुगा कापसाने फिरवून धूळ काढायची. गंजलेल्या पिनांना हात लावायचा नाही, बदलल्या तर तेही पकडतात. मग कॉलेजसमोरच्या दुकानातून मागून आणलेलं टी-शर्टवर छपाई करायचं गरम प्रेस. आच कमी ठेवायची, वर-खाली केक भाजायचा कागद घालायचा, आणि शेवटी दोन दिवस संगमरवरी फरशीखाली गार होऊ द्यायचा. गठ्ठ्यातल्या वाया गेलेल्या अंकावर मी आधी हात बसवला. तो जळलाच. बाकीच्यांच्या कडा अशा बसल्या की भाऊंनी भिंग लावून पाहिलं आणि मला हात जोडले.

आबा शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचे. एकदा मी आत गेलेली असताना त्यांनी एक अंक उघडला. नुकतंच भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन झाली होती. हात धुतलेले होते, पण मी ओरडले. त्यांनी अंक पटकन मिटला आणि हात मागे घेतले. अंक त्यांचा, चित्र त्यांचं, आणि हात मागे घेतले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माझं काय होत चाललंय. पण मी त्या कोपऱ्यावर तेलाचं बोट उमटलं का हे उजेडात धरून बघत होते.

सहीचा सराव मीच करून घेतला. ग्रंथालयातले जुने छापील अर्ज, त्यांच्या कोऱ्या बाजूवर रोज तीस-चाळीस सह्या. सही लहान हवी, मुखपृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पुराच्या पाण्यावर, जिथे निळा रंग फिकट आहे तिथेच हवी. आबांची सही शाळेच्या मस्टरवर आणि पेन्शनच्या कागदांवर सोडून कुठे झालेली नव्हती. थरथरत का होईना, ते रोज करायचे. मी मागे उभी राहून 'अजून लहान' म्हणायचे. पोराकडून पाढे घोकून घेतात तसं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी भाऊ कंपनीच्या मुंबईच्या माणसाला घेऊन आले. पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याने हातमोजे घातले, टेबलावर पांढरी चादर अंथरली, अंक एकेक करून आबांसमोर ठेवायला सुरुवात केली. पहिली सही व्यवस्थित जागेवर पडेपर्यंत मी तिथे होते. आबा पेन टेकवताना थांबले, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी सही केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांना चहा करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. भाऊ फोनवर बोलत अंगणात गेले.

ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा नऊ अंक वाळत ठेवलेले होते. कोपऱ्यात सही होती. आणि वर, बरोबर मधोमध, इंजिनाच्या धुरावर, ठसठशीत 'श्री' होता. नऊच्या नऊ अंकांवर. पहिल्यावरसुद्धा, तो त्यांनी मी गेल्यावर परत मागून घेतला होता. सही थरथरलेली, पण श्री फळ्यावर काढल्यासारखा घोटीव. तो कंपनीचा माणूस शांत बसला होता. सही कोण करतंय एवढं बघायचं त्याचं काम, बाकीशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

चार महिने सराव घेऊन मला हे कसं दिसलं नाही? कारण सरावात त्यांनी श्री कधी काढलाच नव्हता. रद्दीवर कोण श्री लिहील? तो कागद पुढे पायाखाली यायचा. पण हा अंक म्हणजे रद्दी नव्हती. पहिल्यांदा त्यांचं नाव त्यांच्या कामावर चढत होतं. पत्र असो, वाण्याची यादी असो की लग्नाची पत्रिका, आधी श्री लिहिल्याशिवाय आमच्या घरात कुणी अक्षर काढलेलं नाही. मीही नाही. माझ्या चुका मला अशा वेळी फार नीट समजतात, सगळं होऊन गेल्यावर.

भाऊ आत आले. त्यांचा चेहरा उतरला, पण सभ्य माणूस, आबांना काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले की ताई, हे नऊ गेले, आता तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं. त्या परक्या माणसासमोर, हातात चहाचा ट्रे धरून सांगितलं.

"आबा, चार महिने राबले मी. घाण करून ठेवलीत सगळी."

घाण. श्रीला मी घाण म्हटलं. हा शब्द आपण बोललो हे मला नंतर दोन दिवसांनी नीट उमगलं, आबांना तिथल्या तिथे उमगलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरोखर न कळून विचारलं, "आधी श्री लिखतस, माय, मंग आपलं नाव. नुसतं नाव कसं लिखू?"

मी म्हणाले, "लिहा. नुसतंच लिहा."

त्यांनी लिहिलं. उरलेल्या पंधरा अंकांवर, सांगितलेल्या जागी, सांगितलं तेवढ्या आकाराची सही. प्रत्येक वेळी पेन टेकवण्याआधी त्यांची नजर अंकाच्या वरच्या भागाकडे जायची, तिथे थांबायची, आणि मग खाली यायची. मी शेजारीच उभी होते. चहा तसाच गार झाला, कुणी घेतला नाही.

होळीच्या सुमारास पंधरा पेट्या आल्या. गुण उत्तम पडले होते. पट्टीवर आबांचं नाव इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. दोन अंक तुमचे, असं भाऊंनी सुरुवातीलाच कबूल केलं होतं, त्याप्रमाणे दोन पेट्या त्यांनी आम्हाला दिल्या. श्री लिहिलेले नऊ अंक त्यांनी आधीच परत केले होते, आबांना आठवण म्हणून राहू द्या म्हणाले. त्यांना विकायला ते उपयोगाचे नव्हते हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. एक पेटी मी बैठकीत शोकेसमध्ये ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. आबांनी ती एकदा हातात घेतली, उघडते का ते अंगठ्याने कडेला दाबून पाहिलं, छान आहे म्हणाले आणि परत दिली.

आबा त्यानंतर वर्षभरही राहिले नाहीत. आजार असा काही नव्हता, वयाने गेले. गेल्यावर लोक म्हणाले, शेवटी तुम्ही त्यांचं नाव केलंत, मोठं पुण्य बांधलंत. मी ते ऐकून घेते. ऐकून घेण्यावाचून काय करणार? पण ते जाण्याआधीचा दसरा मला विसरता येत नाही.

पाटीपूजन झालं होतं. माझी मुलगी कॉलेजची नवी वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. ती पहिलीत गेल्यापासून तिच्या प्रत्येक नव्या वहीचं पहिलं अक्षर आजोबांचं. एरवी ते वही ओढून घ्यायचे, पान भरेल एवढा श्री काढायचे, आणि वर एखादा मोर नाहीतर गणपती फुकट. त्या दिवशी त्यांनी पेन हातात घेतलं आणि टोपण काढलं नाही. मुलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आठे लिखू का, माय? चालई ना?"

मुलगी हसली, तिला वाटलं आजोबा थट्टा करतायत. मी म्हटलं, लिहा ना आबा, इथे लिहायला विचारता काय. त्यांनी पान उघडलं, सगळ्यात वरचा कोपरा गाठला आणि तिथे तांदळाएवढा श्री लिहिला. हात मुळीच थरथरला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी वही मुलीला दिली नाही. माझ्यापुढे सरकवली, तपासायला.